उताराची परीक्षा

माळ्यावर ती बॅग नव्हती.

शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून अप्पा त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. धुळीच्या मऊ थरात बॅगेच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला होता. कोणी उठून गेल्यावर गादीत त्याचा खळगा उरावा तसा. त्यांच्या हातची ती शेवटची बॅग. तपकिरी कातड्याची, दोन चाकांची. तिच्यानंतर कारखान्यातल्या बॅगा ट्रकने येऊ लागल्या, दुकानाच्या पाटीवरचा 'बनवणारे' हा शब्द नव्या रंगाखाली गेला आणि 'विकणारे' तेवढा उरला.

"मिळाली का, अप्पा?" खालून थोरल्या मुलाने विचारलं. त्याच्या आवाजात काळजी कमी आणि हसू जास्त होतं.

"विकली नव्हती ती. जाईल कुठे?"

"चाकं होती ना तिला. गेली असेल."

खाली आत्या खदखदून हसली. ही अप्पांची धाकटी बहीण. घरातल्या प्रत्येक वादाला ती वेळेवर हजर असे आणि वाद संपेपर्यंत निदान दोनदा बाजू बदलत असे. अप्पा खाली उतरले, हात झटकले आणि कोणाकडेही न बघता आपल्या जुन्या स्टुलावर जाऊन बसले. सुट्टीचा दिवस होता. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं आणि त्याखालून आलेला सकाळचा उजेड फरशीपासून गुडघ्याइतकाच वर पोहोचत होता. त्या उजेडात दोन्हीकडच्या भिंतींवर रचलेल्या बॅगा कुठल्याशा फलाटावर ताटकळलेल्या माणसांसारख्या दिसत होत्या.

अप्पांची बायको, माई, परवा निघणार होती. समुद्रापलीकडच्या देशात धाकट्या मुलीने कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान थाटलं होतं. लेकीकडे जायचं, थंडी संपेपर्यंत राहायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. अप्पा जाणार नव्हते. "दुकान कोण बघेल?" असं त्यांनी विचारलं होतं. गेली कित्येक वर्षं दुकान थोरलाच बघतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तेवढी माया घरात अजून शिल्लक होती.

आता प्रश्न फक्त बॅगेचा होता, आणि या घरात बॅगेचा प्रश्न कधीच 'फक्त' नसे. अप्पांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता: घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की त्याची बॅग परीक्षा दिल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. जाणाऱ्याने तिच्यात आपलं सामान स्वतः भरायचं. मग बनवणाऱ्याने ती दुकानासमोरच्या दगडी उतारावरून खाली ओढत न्यायची. कुठे खडखडते, कुठे कलते, हँडल कुठे कुरकुरतं, हे कानाने आणि मनगटाने तपासायचं. आणि दुसऱ्याने भरलेली बॅग कोणी उघडायची नाही. आगीच्या वर्षी, निम्मं दुकान काळं पडलेलं असतानाही, धाकटीची बॅग याच उतारावरून गेली होती.

"हे बघ माई," थोरल्याने एक निळी, चकचकीत बॅग पुढे आणली. "चार चाकं. ओढायची गरजच नाही. नुसतं बोट लाव." त्याने बोट लावलं आणि बॅग गिरकी घेत आत्याच्या खुर्चीपाशी जाऊन थांबली.

"अगं बाई! ही तर सांगायच्या आधी ऐकते," आत्या म्हणाली. "आमच्याकडे माणसंसुद्धा अशी नाहीत."

"मनगटावर भार नाही, खांद्यावर ओढ नाही. आणि मुख्य म्हणजे ती तुझ्या शेजारून चालते. दोन चाकांची बिचारी कायम मागून फरफटत यायची. विमानतळावर एवढी मोठी फरशी, गुळगुळीत. तिथे मागे ओढत काय न्यायचं?"

"फरफटत?" अप्पा स्टुलावरून म्हणाले. "माझी एक बॅग फरफटताना दाखव. मागून येते म्हणजे फरफटते का रे? मागे वळून बघावं लागत नाही, इतका तिचा भरवसा असतो. तुझी ती चार बोटांची चाकं एका खड्ड्यात गेली की मोडली. एक मोडलं की उरलेली तीन लंगडी."

"खड्डे तुमच्या काळात होते, अप्पा."

"खड्डे काळात नसतात, रस्त्यात असतात."

"झालं सुरू," सून जिन्यावरून म्हणाली. तिच्या हातात चहाच्या कपांचा ट्रे होता. "सासूबाईंना कोणी विचारणार आहे का? जाणार त्या आहेत."

या वाक्यावर थोरला थोडा ओशाळला. त्याने निळी बॅग उचलून बाहेर उताराच्या माथ्यावर नेऊन ठेवली. "चला, तिथेच दाखवतो," म्हणून त्याने हँडलवरचा हात काढला आणि शटर वर करायला वळला. तेवढं पुरलं. बॅग आधी बोटभर सरकली, मग वीतभर आणि मग जणू तिला कोणी खालून हाक मारली असावी अशी निघाली. दगडी उतारावरून टाळ्या वाजवत ती गेली, समोरच्या चांभाराच्या टपरीला धडकली आणि आडवी पडली. टपरीतून एक बूट खाली आला.

"एक गिऱ्हाईक पाठवलंय रे!" आत्याने इथूनच चांभाराला ओरडून सांगितलं. सगळे हसले. थोरलाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. "ब्रेकवाली पण येते," तो पुटपुटला.

माई हसली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, रुमालाला हात पुसत. या घरात तिचं बोलणं नेहमीच अस्तरासारखं होतं: आत, गुळगुळीत, कोणाच्या नजरेत न येणारं. ते फाटेपर्यंत ते आहे हे कोणाच्या लक्षात येत नसे. ती म्हणाली, "मला दोन चाकांचीच हवी."

थोरल्याने वळून पाहिलं. "माई, बॅग पळाली म्हणून? अगं, ती माझी चूक होती."

"चूक तुझीच. पण हात सोडला की पळणारी बॅग मला नको. मला हात सोडल्यावर उभी राहणारी हवी."

अप्पांच्या छातीत काहीतरी उजळलं. इतक्या वर्षांत, इतक्या वादांत, मुलं एकीकडे आणि ते दुसरीकडे असताना, माई कधी त्यांच्या बाजूने उघड बोलली नव्हती. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "ऐकलंत? चाळीस वर्षं अस्तर शिवलंय तिने. तिला कळतं बॅग म्हणजे काय! मला माळ्यावर मिळाली नाही गं, नाहीतर—"

"ती माझ्याकडे आहे," माई म्हणाली. "मीच खाली काढली. भरूनही ठेवलीय."

"बघा!" अप्पांनी सगळ्यांवरून विजयी नजर फिरवली. "न सांगता."

"दादा, आज तुझा दिवस आहे," आत्या म्हणाली आणि आपली खुर्ची सरळ त्यांच्या शेजारी आणून बसली.

माई आतल्या खोलीत गेली. ती एके काळी शिलाई मशीनची खोली होती. आता तिथे कारखान्यातून आलेली खोकी छतापर्यंत रचलेली असत. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग फरशीवर चाकांचा संथ, जड घरघराट. अप्पांनी तो आवाज ओळखला, आणि त्याच क्षणी त्यात अनोळखी काहीतरी आहे हेही त्यांच्या कानाला कळलं. त्यांची बॅग अशी बोलत नसे. तिचा आवाज खोल होता, दाबलेला, भरल्या घशाने कोणी बोलावं तसा.

बॅग दारात आली. कातड्याला माईने तेल लावलं होतं. कडा गडद चमकत होत्या. अप्पा उठले, पुढे झाले. हा त्यांचा मान होता. त्यांनी हँडलला हात घातला आणि नेहमीसारखी बॅग जरा उचलून तोलून पाहिली.

वजन आधी हाताला कळलं, मनाला नंतर.

कपड्यांचं वजन पसरलेलं असतं. पुस्तकांचं कोपऱ्यात जातं. खाऊच्या डब्यांचं हलतं. हे वजन तसं नव्हतं. हे एकच होतं, खाली चाकांपाशी घट्ट बसलेलं, लोखंडाचं. अप्पांनी बॅग खाली ठेवली. त्यांना आठवलं की गेले काही महिने दुपारच्या झोपेत मशीनचा आवाज यायचा आणि त्यांना वाटायचं, जुनी सवय स्वप्नात वाजते आहे.

"काय झालं?" थोरल्याने विचारलं.

 अप्पा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चेन ओढली. वडिलांनी नियम घातल्यापासून त्या घरात कोणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. "अहो," माई म्हणाली. पण तिने त्यांना अडवलं नाही.

वर दोन स्वेटर होते. ते बाजूला सारल्यावर माईचं शिलाई मशीन दिसलं. लाकडी पाट आणि पायडल सोडून वरचं सगळं यंत्र; काळं, सोनेरी वेलबुट्टी घासून गेलेलं. ते नुसतं ठेवलेलं नव्हतं. बॅगेच्या आत नवं अस्तर होतं, कापूस भरलेलं, यंत्राच्या प्रत्येक वळणाच्या मापाने शिवलेलं. चाकाला वेगळा कप्पा, सुईच्या दांड्याला वेगळी खोबण. अप्पांनी अस्तरावरून अंगठा फिरवला. हा टाका दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता. या मशीनला नेण्यासाठी लागणारं घर याच मशीनवर शिवलं गेलं होतं, आणि मग शिवणारीने मशीन त्यात निजवलं होतं.

 बाहेर चांभाराची हातोडी तेवढी ऐकू येत होती.

"थंडीपुरतं जाणारं माणूस," अप्पा शेवटी म्हणाले, आणि वाक्य अर्ध्यावरच संपलं.

"माई, मशीन कशाला?" थोरला म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं, किंवा कळू द्यायचं नव्हतं. "शर्टाला बटण लावायचं तर धाकटीकडे दोन मशिनी आहेत. ती म्हणालीये मला."

"तिच्याकडे स्टँड आहे. खिडकीपाशी ठेवलाय. त्यावर हे बसेल."

"पण मग परत येताना एवढं ओझं... परतीचं तिकीट कधीचं आहे?" त्याने बायकोकडे पाहिलं. "तिकीट तू काढलंस ना?"

सून हातातल्या रिकाम्या ट्रेकडे बघत होती. "परतीचं काढलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काढलं नाही."

"आणि हे मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस, खिडकीजवळची जागा मिळाली का. ते सांगितलं की."

थोरला मटकन एका खोक्यावर बसला. आत्याच्या तोंडून इतका वेळ एक शब्द आला नव्हता, आणि हे त्या घरातलं आश्चर्यच होतं.  "वहिनी," ती म्हणाली, "मला तरी सांगायचंस."

"वन्सं, तुमच्या पोटात काही राहतं का?"

"नाही राहत," आत्या प्रामाणिकपणे म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पा अजून गुडघ्यांवरच होते. आपल्याला राग यायला हवा असं त्यांना वाटत होतं. पण राग येण्याच्या जागी एक विचित्र पोकळी होती, पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं तशी. "मी काय केलं?" त्यांनी विचारलं. प्रश्न भांडणाचा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

माई त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली. "काही नाही केलं. कारखान्याच्या बॅगा आल्या. त्यांचं अस्तर साच्यातून येतं. मग शिवायला काही उरलं नाही. मग खोक्यांना जागा हवी होती, म्हणून खोली गेली."

"तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"मला कोणी विचारलं नाही. थोरल्याने तुम्हाला विचारलं, तुम्ही मान हलवलीत. मी दारात उभी होते."

अप्पांना ती मान आठवेना. हेच सगळ्यात भयंकर होतं. दिवसभरात किती वेळा हलते मान! एका हलण्यात एका माणसाची खोली गेली होती आणि हलवणाऱ्याच्या मानेला त्याची खूणही नव्हती.

"अगं, मग रुसून असं... रिकामी करू आपण खोली. आज करू. अरे, ऊठ!" ते थोरल्यावर ओरडले.

"मी रुसून चालले नाही," माई म्हणाली. "रुसायचं तर समोरच्याला ते कळावं लागतं. मी कामाला चाललेय. तिथे लोक फाटलेलं घेऊन येतात आणि मी शिवावं म्हणून थांबतात. धाकटी फोनवर सांगते तेव्हा माझी बोटं हलतात. इथे दिवसभर मी काय करते, सांगा बरं?"

अप्पांनी तोंड उघडलं. ती दिवसभर काय करते, हे त्यांना सांगता आलं नाही.

मग त्यांनी जे केलं ते पाहून थोरला हबकला. अप्पा उठले, धडपडत उतारावरून खाली गेले, टपरीपाशी आडवी पडलेली ती निळी बॅग उचलली आणि धापा टाकत वर घेऊन आले. "ही ने," ते म्हणाले. "चार चाकांची चांगली असते. मनगटाला त्रास नाही. शेजारून चालते. हा सांगत होता ते बरोबर आहे. मशीन हिच्यात मावणार नाही, हिची चाकं ते पेलणार नाहीत, पण कपडे... थंडीपुरते कपडे मजेत मावतील."

 जन्मभर ज्या चाकांना त्यांनी नावं ठेवली, त्यांच्यासाठीच ते अशी विनवणी करत होते. थोरल्याने नजर दुसरीकडे वळवली. आपण वाद जिंकलो आहोत हे त्याला बघवत नव्हतं.

"हो माई," तो तरीही घोगऱ्या आवाजात म्हणाला. "अप्पा म्हणतात तसं कर. मशीन राहू दे."

आज पहिल्यांदाच बाप-लेक एका बाजूला होते. आत्याने आपली खुर्ची उचलली. ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली, माईच्या मागे ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बसली.

माईने निळ्या बॅगेकडे पाहिलंही नाही. तिने तपकिरी बॅगेची चेन लावली, एका कुशीवर ती कलती केली आणि चाकांकडे बोट दाखवलं. "आस जरा वाकलाय. काल खोलीतून ओढताना लक्षात आलं. जमलं तर बघा. नाहीतर तशीच नेईन."

अप्पा वाकले. बघायचं नाही असं ठरवूनही ते वाकले. आस खरंच वाकला होता, डावीकडे, नखभर. कपड्यांसाठी घातलेला आस लोखंड कसा पेलणार? विमानतळापर्यंतही टिकला नसता. कुठल्याशा अनोळखी फलाटावर चाक निखळलं असतं, आणि ती एकटी, एवढ्या ओझ्यासकट, गर्दीच्या मध्यभागी उभी राहिली असती. हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांचा हात आपोआप पक्कडीकडे गेला.

त्यांनी बॅग बाकावर घेतली. जुने रिव्हेट काढले. खणाच्या तळाशी कापडात गुंडाळलेली दोन मोठी रबरी चाकं होती, हातगाडीला लावतात तसल्या जातीची. कशासाठी जपून ठेवली होती ते त्यांनाही माहीत नव्हतं. दुप्पट जाडीचा आस कापला, कानशीने घासला, आत सारला. हँडलच्या मुळाशी कातड्याची आणखी एक पट्टी बसवली. कोणी त्यांना मदत करायला गेलं नाही. एकदाच त्यांनी न बघता हात मागे केला आणि माईने, पूर्वी ठेवायची तशी, मेणाच्या दोऱ्याची सुई त्यात ठेवली. दोघांच्याही लक्षात आलं.  ऊन शटरखालून सरकत बाकाच्या पायांपाशी आलं.

काम झालं तेव्हा ते हँडल धरून उताराकडे निघाले. दारात माई आडवी आली.

"माझ्याकडे द्या," ती म्हणाली.

"परीक्षा बनवणारा घेतो."

"अस्तर मी बनवलंय."

त्यांनी हँडल सोडलं. बॅग उंबऱ्यापाशी स्तब्ध उभी राहिली. माईने ती कलती केली, उताराच्या माथ्यावर आणली आणि चालू लागली. खडखड नव्हती. कुरकुर नव्हती. दगडांच्या सांध्यांवरून ती मोठी चाकं अशी जात होती जणू रस्ता त्यांच्या ओळखीचा असावा. अप्पा कान लावून ऐकत होते, एखादा चुकीचा सूर सापडावा म्हणून, नुसता एक, ज्यासाठी तिला परत बोलावता येईल. सापडला नाही. एवढी नेकीने बनलेली बॅग त्यांच्या हातून आजवर झाली नव्हती.

आत्या त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. "दादा," ती हळूच म्हणाली, "एखादं चाक ढिलं ठेवायचंस की."

अप्पांनी मान हलवली. या वेळी ती हलल्याचं त्यांना कळलं.

उताराच्या मध्यावर माई थांबली आणि तिने हँडलवरचा हात काढला. थोरला पुढे झेपावला, नंतर भानावर येऊन थांबला. बॅग हलली नाही. जिथे सोडली तिथे, ऐन उतारावर, ती ताठ उभी राहिली.

माईने मागे वळून वर पाहिलं, दाराकडे, त्यांच्याकडे.

"चांगली झालीय," ती म्हणाली.